बाहेरून लावलेली कडी

१

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांचा सुट्टीचा वार. त्या गुरुवारी सकाळी साडेसातला प्रज्वल येळवंडेनं निघोज्यातल्या एका पत्र्याच्या शेडची बाहेरची कडी काढली आणि आत रात्रभर घरी न आलेले त्याचे वडील दिसले. दौलतराव दाराजवळच कुशीवर पडले होते. अंग गार पडलेलं, उजव्या हाताची पेरं सोललेली. मागे घोडीवर लोखंडी पत्रा उभा होता, त्यावर अर्धं रंगवलेलं चित्र. कोपऱ्यातला रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर हवा कमी झाली की मधूनच धडधडायचा आणि गप्प व्हायचा.

ते चित्र बघून वडिलांना हात लावायचंही आपण क्षणभर विसरलो, असं प्रज्वल नंतर मला म्हणाला. करड्या रंगाचे थरावर थर, आणि त्यांच्या खालून डोकावणारी एकच तांबडी रेघ. असं चित्र एकच माणूस काढायचा, भिमाजी. शेड भिमाजीची, पद्धत भिमाजीची, आणि रंग अजून बोटाला चिकटत होता.

भिमाजीला जाऊन अकरा महिने झाले होते.

रविवारी कौशल्याबाईंचा, म्हणजे दौलतरावांच्या बायकोचा निरोप आला. सुतकात त्या कुणाकडे जाणार नव्हत्या, म्हणून निगडीच्या त्यांच्या बंगल्यावर मीच गेले. दत्ताच्या देवळात आम्ही दोघी बारा वर्षं शेजारी बसून पोथी वाचतो, एवढीच आमची ओळख. पण त्या ओळखीत माणूस बरंच कळतं.

"विजयश्रीताई," त्या म्हणाल्या, "तुमी कंपनीत रंगाचं काम बघत व्हता ना? सव्वीस वर्सं?"

"हो. पेंट शॉपला. क्वालिटीत."

"मग त्या रंगालाच इचारा, माझ्या पोरानं कडी लावली का न्हाई ते."

आतल्या खोलीत प्रज्वल पाहुण्यांना पाणी देत होता.

"डाक्टर म्हनले, बुधवारी संध्याकाळीच गेले. रंगाची वाफ छातीत गेली. त्यात ह्यांना दमा. पर कडी भायेरनं व्हती ताई. आदल्याच दिवशी बापलेकांचं जोरात वाजलं व्हतं. आन बुधवारी संध्याकाळी प्रज्वलची जीप निघोज्यात मारुतीच्या देवळापाशी बघितली लोकांनी. ह्यो पोलिसांना म्हनला, मोशीत व्हतो." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "येत्या शुक्कीरवारी दहावा हाय. पिंड त्योच देनार. त्यानंच बापाला कोंडलं आसंल, तर त्या हातचा पिंड मी कसा बघू? ताट वाढून समोर ठेवतोय माझ्या. घास गिळत न्हाई."

"विचारलंत त्याला?"

त्यांनी मान हलवली. "इचारलं आन व्हय म्हनला तर?"

२

सोमवारी प्रज्वलच मला निघोज्याला घेऊन गेला. इंद्रायणीच्या अलीकडे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं येळवंड्यांची उरलेली दोन एकर जमीन आहे. तिच्या एका कडेला शेड आणि शेडला लागून दोन खोल्या. त्या खोल्यांत भिमाजीची विधवा शालनबाई राहते. जागा दौलतरावांनीच दिलेली.

"गेलं वर्षभर मी पप्पांना म्हणत होतो," प्रज्वल जीप चालवताना म्हणाला, "इथं गोडाऊन टाकू. ती चित्रांची गॅलरी आता कुणासाठी चालवताय? मंगळवारी भांडताना तोंडातून गेलं माझ्या, त्या मेलेल्या माणसाच्या मागे तुम्हीपण जा एकदाचे." त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "दुसऱ्या दिवशी गेलेच ना, मावशी."

"बुधवारी तू इथं आला होतास."

"आलो होतो. माफी मागायची होती. पोलिसांना भीतीनं मोशी म्हणालो. देवळापाशी त्यांची गाडी दिसली. फोन लावला तर गाडीतच वाजत होता. म्हटलं, शेडमध्ये बसले असणार, भिमाजीकाकांच्या आठवणी काढत. मग परत डोकं फिरलं आणि वळलो."

"शेडपर्यंत गेला नाहीस?"

"नाही."

खरं बोलणारा माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, दोघंही असंच खाली बघून 'नाही' म्हणतात.

शेडच्या दाराशी मी थांबले. जाड लाकडी दार, बाहेर उघडणारं. बाहेरून लोखंडी कडी. आतून मात्र ना कडी, ना अडसर, साधा खिळाही नाही. माणसानं वर्षानुवर्षं ज्या खोलीत काम केलं, तिचं दार आतून लावायची सोयच त्यानं केली नव्हती.

"सकाळी उघडताना काही वेगळं दिसलं?"

"घसरलो मी. उंबऱ्याशी गोणपाट होतं, चिंब. चप्पल ओली झाली. लाथेनं उडवलं ते."

ते भिंतीकडेला पडलं होतं, आता वाळून कडक झालेलं. लांबट, तीन पदरी दुमडलेलं. दुमड जशीच्या तशी होती. मी ते हातात घेऊन पुन्हा खाली ठेवलं.

आत वाफेचा वास अजून होता. पंख्याचं भोक पत्रा ठोकून बंद केलेलं. खिळ्याला भिमाजीचा रबरी मास्क लटकत होता, काचेवर धूळ, कुणी हात न लावलेला. मी चष्मा पुसला आणि चित्रासमोर वाकले.

पेंट शॉपमध्ये शिरताना पहिला नियम असतो. डोक्याला तेल नको, अंगाला क्रीम नको, सेंट नको. तेलाचा कण जरी पत्र्यावर बसला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा खळगा पडतो. भिमाजी बावीस वर्षं माझ्याच शॉपमध्ये होता. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलासुद्धा तो तेल लावायचा नाही. बायका हसायच्या त्याच्या उडणाऱ्या केसांना. त्याच्या कामात एक खळगा मला कधी सापडला नाही, आणि खळगे शोधायचाच मी पगार घ्यायचे.

या पत्र्यावर मी एकोणीस मोजले.

"गावात काय म्हणतात?" मी प्रज्वलला विचारलं.

"काका येऊन चित्र काढतात म्हणे. दिवाळीपासून दुपारचा कॉम्प्रेसर ऐकू येतो लोकांना."

"भिमाजी नाही आला इथं," मी म्हटलं. "मेला म्हणून माणूस डोक्याला तेल लावायला लागत नाही."

३

दौलतरावांची गॅलरी निगडीच्या प्राधिकरण वस्तीत, त्यांच्या बंगल्यापासून दोन गल्ल्यांवर. नाव 'रंगशिळा'. तिथलं सगळं बघणारी स्वप्नाली चित्रकलेचं शिकलेली, तिशीची, चटपटीत मुलगी. सोमवारी दुपारी मी गेले तेव्हा मात्र सगळे दिवे बंद करून बसली होती.

भिंतीवर दौलतरावांचे फोटो होते. पहिल्यात ते देवांच्या तसबिरींना फ्रेमा करणाऱ्या दुकानात उभे. जमीन कंपन्यांकडे गेली तेव्हा भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, यांनी ते दुकान टाकलं. मग कंपन्यांच्या स्वागतकक्षात लावायला चित्रं पुरवू लागले. असंच एकदा आमच्या शॉपमध्ये आले असताना टाकाऊ पत्र्यांच्या ढिगात त्यांना भिमाजीचा पत्रा दिसला. सुट्टीच्या वेळात त्यानं रंगवलेला. आम्ही सगळे त्याच्या शेजारून रोज जात होतो. दौलतराव त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहिले.

पुढच्या फोटोत मुंबई, दिल्ली, परदेशी पाहुणे. सगळीकडे दौलतराव पांढऱ्या शर्टात, केस चापून बसवलेले, आणि त्यांच्या मागे, चौकटीच्या काठावर अंग चोरून भिमाजी.

"सर म्हणायचे, चित्र विकायचं नसतं, माणसाला चित्रासमोर उभं करायचं असतं," स्वप्नाली म्हणाली. "काका गेले आणि सर रिकामेच झाले हो मावशी. तासन्‌तास काकांनी मागे ठेवलेल्या सात पत्र्यांसमोर बसायचे. मुंबईचं प्रदर्शन तर बारा पत्र्यांचं ठरलेलं."

"मग उरलेले पाच?"

ती नखं कुरतडायला लागली. "काकांच्या ट्रंकेत सापडले म्हणाले. चार आणले होते, पाचवा यायचा होता."

"तुला पटलं?"

"मला खळगे दिसले." तिनं डोळे पुसले. "मंगळवारी मी राजीनामा दिला. म्हटलं, सर, काकांच्या नावावर हे मी लोकांना दाखवणार नाही. ते चिडले नाहीत. एवढंच विचारलं, स्वप्नाली, वाईट आहेत का गं? आणि खोटं कसं बोलू? वाईट नव्हती ती. चांगली होती. मला वाटलं त्यांनी कुणाला तरी पैसे देऊन काढून घेतली."

मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं. पाठीला डोकं टेकतं तिथं टॉवेल घातलेला, आणि टॉवेलवर तेलाचा पिवळट गोल डाग. कौशल्याबाई रोज सकाळी त्यांच्या डोक्याला माक्याचं तेल चोळायच्या. देवळात आल्या की त्यांच्या हातांना तोच वास असायचा.

"कुणाला नाही दिले पैसे," मी म्हटलं. "स्वतःच काढली त्यांनी."

स्वप्नालीनं खुर्चीवरचा टॉवेल सरळ केला. मग म्हणाली, "पंधरा वर्षं शेजारी बसून बघत होते ना."

"भिमाजी काम करायचा तेव्हा तू कधी शेडमध्ये गेली होतीस?"

"एकदाच. दार उघडलं तर धूळ आत आली म्हणून काकांनी पूर्ण पत्रा फेकून दिला. एरवी देवमाणूस, पण काम चालू असताना दार उघडलेलं अजिबात खपायचं नाही."

म्हणजे चित्र कुणी काढलं ते कळलं होतं. वाफेपासून वाचवणारा मास्क समोर खिळ्याला होता, तरी दौलतरावांनी तो का चढवला नाही, हेही कळलं. गेलेल्या माणसानं तोंडाला लावलेली वस्तू होती ती. त्याचं नाव घेतलं, त्याचा हात घेतला, पण त्याच्या श्वासाची वस्तू तोंडाला लावायचा धीर झाला नाही. मलाही झाला नसता.

पण कडी कुणी लावली, ते अजून तिथंच होतं.

४

मंगळवारी शालनबाईकडे गेले. काळीसावळी, हाडकुळी बाई. लग्नानंतर नवऱ्यामागे बीडकडून इकडे आलेली. महाळुंग्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिनं मला ओळखलं.

"तुमी ते रंग तपासायच्या मॅडम. मालक लई सांगायचे तुमचं. म्हणायचे, बाई लई खवट, पण नजर देवाची."

मला हसू आलं, आणि रडूही. तिनं चहा टाकला.

"बुधवारी कुठं होतात, शालनबाई?"

"सेकंड शिफ्ट. पोलिसांना सांगितलंय की. म्या कुणाला बघितलं न्हाई."

"प्रज्वल इथं गोडाऊन टाकणार होता. तुम्हाला जागा सोडावी लागली असती."

"लागली असती तर सोडली असती. दौलतरावानं मालकाला कधी अरे म्हणलं न्हाई. त्याच्या घराचं वाईट मी का चिंतू?"

"लोक म्हणतात, शेडमध्ये कॉम्प्रेसर वाजतो."

तिचा हात थांबला. त्या क्षणी तिचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. पहिलटकरणीला कुणी बाळाचं विचारावं, तसा.

"म्हणत्यात," ती म्हणाली, आणि कपात चहा ओतला.

५

बुधवारी सकाळी जपाला बसले. माळ फिरत होती आणि मन त्या गोणपाटावर. देवाची क्षमा मागितली आणि माळ खाली ठेवली.

रागानं एखाद्याला कोंडणारा माणूस कडी लावतो आणि पळतो. तो गोणपाट शोधत नाही, ते पाण्यात बुडवत नाही, तीन पदरी दुमडून उंबऱ्याच्या फटीला नीट लावून ठेवत नाही. ओलं गोणपाट धुळीसाठी असतं. आमच्या शॉपमध्ये रंग मारायच्या आधी जमीन ओली करायचे, तसंच. म्हणजे ज्यानं कडी लावली, त्याला आतलं काम मोडायचं नव्हतं. ते काम जपायचं होतं.

आणि दाराला आतून कडी का नव्हती? भिमाजीला कधी लागलीच नव्हती. त्याचं दार रोज बाहेरून कुणीतरी लावत होतं.

गुरुवारी, म्हणजे नवव्या दिवशी, सुट्टी असल्यानं शालनबाई घरीच होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुम्ही कुणाला बघितलं नाही, हे खरं आहे. पण ऐकलंत. हो ना?"

ती भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीपलीकडे शेड होती.

"बाया म्हणायच्या, शालन, तू कामाला गेलीस की तुझ्या मालकाचा कंप्रेसर वाजतो. मी रोज कामावर. मलाच तेवढा ऐकू येईना." ती हळूहळू बोलत होती. "बुधवारी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आन चार वाजता निघून आले. दारात आले तर वाजत व्हता. फवाऱ्याचा आवाज बी. तसाच, थांबून थांबून. मालक मारायचे तसाच."

"मग?"

"मग काय? नेहमीचं केलं. त्येंचं काम चालू झालं की मी कडी घालायची, गोणपाट वलं करून फटीला लावायचं. कोंबड्या, पोरं, वारं, कुणी आत जाऊ नये म्हणून. काम झालं की ते दार वाजवायचे, मी उघडायची. पंधरा वर्सं हेच. इथं पाठ टेकून बसले, डोळे मिटून. लई बरं वाटलं बाई."

पुढचं तिनंच सांगितलं.

"दिवेलागणीला दार वाजलं. तीनदा." तिनं भिंतीवर हात ठेवला. "सासू सांगायची, गेलेलं माणूस दार वाजवतं, उघडू न्हाई, आपल्याला घेऊन जातं. त्येचं मला भ्या न्हवतं. नेलं असतं तर गेले असते. पण म्हणलं, उघडलं आन आत कुणीच नसलं तर? मग आवाज बी जाईल. परत दोनदा वाजलं. लई हळू. मग न्हाई वाजलं. पण कंप्रेसर रातभर मधनंमधनं चालू व्हायचा. मला वाटलं, अजून काम चालूच हाय."

"हाक नाही आली?"

"एक शबूद न्हाई. दौलतरावाचा आवाज आला असता तर मी दार तोडलं असतं, मॅडम."

आधी लाज आणि मग दमा. दौलतरावांना ती रीत ठाऊक होती. कडी वाजली तेव्हाच त्यांना कळलं असणार की बाहेर शालन आहे. हाक मारली असती तर भिमाजीच्या शेडमध्ये, भिमाजीच्या फवाऱ्यानं, भिमाजीची सही करणारा माणूस तिला दिसला असता. वाफ वाढेपर्यंत ते थांबून राहिले असावेत. नंतर हाक मारायला श्वास उरला नसेल.

"सकाळी प्रज्वल ओरडला तेव्हा कळलं," शालनबाई म्हणाली. "पोराला पोलीस बोलावत्यात आन मी पोळ्या लाटती. उठा. चला चौकीत. एकटीनं जायाला पाय उचलत न्हाई."

चौकीत तिचा जबाब लिहायला तास लागला. साहेबांनी दोनदा पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "वरिष्ठांना विचारावं लागेल. सध्या घरी न्या यांना." आणि मग हवालदाराला म्हणाले, "त्या पोराला आता बोलावू नका."

६

संध्याकाळी कौशल्याबाईंना सगळं सांगितलं. चित्रांचं, तेलाचं, गोणपाटाचं, शालनबाईचं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. नवऱ्यानं दुसऱ्याच्या नावानं चित्रं काढली, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दार तीनदा वाजलं, तिथं मात्र त्यांनी डोळे मिटले.

"फकस्त 'शालन, मी हाय' म्हनायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "एवढं बी तोंडातनं निघालं न्हाई त्या मानसाच्या. हजार मानसांम्होरं भाषन करायचा." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "तिच्यावर राग धरू का, ते कळंना मला. बघू. आज न्हाई कळत."

"प्रज्वलला मी सांगू?"

"न्हाई. ते माझं काम हाय."

शुक्रवारी सकाळी इंद्रायणीच्या घाटावर गाव जमलं होतं. शालनबाई आली नव्हती. स्वप्नाली मागे उभी होती. प्रज्वल मुंडण करून, ओला पंचा नेसून पायरीवर बसला होता. कौशल्याबाई त्याच्याजवळ गेल्या आणि खाली बसल्या. मी दोन पायऱ्या वर होते. ऐकायचं नव्हतं, पण पाणी संथ होतं, सगळं ऐकू आलं.

त्यांनी थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, तुला वाटलं होतं ना, मीच?"

माझ्या मनात आलं, नाही म्हणतील. आईनं म्हणावं असंच होतं ते.

"व्हय," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाटलं व्हतं."

प्रज्वलनं मान डोलावली. त्याला राग आला नव्हता. "देवळापासून शेड दिसते, आई. शंभर पावलं पण नसतील. पप्पा तेव्हा आत दार वाजवत असतील. कडी मी लावली नाही. पण काढायला मीच होतो तिथं."

खालून गुरुजींनी मुलाला पुढे बोलावलं. तो उठेना. लोक बघायला लागले. कौशल्याबाईंनी त्याचं ओलं, भादरलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"ऊठ, बाळा," त्या म्हणाल्या. "त्यांना तुझ्याच हातचं पायजे. मला बी."